पासपोर्टावरचं हळदीकुंकू

मी विलायतेला निघाले, ही बातमी उज्जैनमधल्या आमच्या देवास गेटला माझ्याआधी पोहोचली होती, आणि ती पोहोचवली होती मीच. व्हिसाचा अजून पत्ता नव्हता. पण देशाची दारं उघडली असं पेपरात रोज येत होतं, गल्लीगल्लीत एसटीडीचे बूथ निघाले होते, मग मी एकटीनेच दम का धरायचा? कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याने माझ्याकडून तिकडचं घड्याळ आणायचं वचनसुद्धा घेतलं होतं.

राष्ट्रकुलातल्या तरुण पोरांना ब्रिटनमध्ये दोन वर्षं भटकता येतं आणि भटकताना पोटापुरतं कामही करता येतं, असा एक व्हिसा तेव्हा मिळायचा. सत्ताविशी उलटली की तो बंद. माझी उलटायला एक पावसाळा उरला होता. त्यानंतर काय, हेही ठरलेलं होतं. धारचं एक स्थळ इतका धीर धरून बसलं होतं की मला त्या मुलाच्या धीराचीच भीती वाटायची. बाबा बँकेतले. नियमात बसतंय म्हटल्यावर ते राजी झाले. आई हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. दिल्लीला मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा ती मेथी निवडत होती, ती निवडतच राहिली.

आमच्याकडे नवी वस्तू उंबरा ओलांडून आली की तिला आधी हळदीकुंकू. मोपेडला लागलं, फ्रिजला लागलं, बाबांची कवळी थोडक्यात वाचली. आईचा हात असा बेताचा की फ्रिजवरचा ठिपका मोहरीएवढा, वर्षभरात ओघळला नाही. पण निघायच्या दिवशी सकाळी तिने पासपोर्ट देवापुढे उघडा ठेवला आणि त्याला अशी थबथबीत बोटं लावली, जशी नवरदेवाला हळद चढवावी. माझ्या फोटोखालच्या पानावर, हाताने लिहिलेल्या माझ्या नावावर, पिवळा-लाल चिखल.

मी किंचाळले नाही. अकलेचं काम केलं. ओल्या रुमालाला साबण लावून पान पुसलं. हळदीला साबण लागला की काय होतं, हे आमच्या घरची मांजरसुद्धा सांगेल. पिवळं होतं ते रक्तासारखं लालभडक झालं. शाई फुटली आणि माझं नाव जन्मतारखेच्या अंगावर जाऊन पडलं.

शेजारचे काका रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांनी पासपोर्ट उजेडात धरला.

“बेटा, ही तर छेडछाड दिसते आहे,” ते म्हणाले. “गोरा साहेब काय समजणार? तारीख खोडली. सीधा अंदर.”

नवा पासपोर्ट भोपाळहून यायचा, तोवर पावसाळा सरणार. गाडी संध्याकाळची होती. बाबा आणि मी निघालो. त्या रात्री मक्सीपासून मथुरेपर्यंत मी इतकी खोटी कारणं रचली की डबा त्यांनी भरून गेला. शेजारच्या बाळाने औषध सांडलं. माकडाने पासपोर्ट पळवला. क्षिप्रेला पूर आला होता. दर स्टेशनावर खाकी गणवेश दिसला की मी पासपोर्ट पिशवीत आणखी खाली सरकवायचे. बाबा वरच्या बर्थवर जागे होते.

दिल्लीत ब्रिटिश वकिलातीत काचेपलीकडे एक गोरी बाई होती आणि तिच्या बाजूला आपली एक मदतनीस. बाईने पान उघडलं, नखाने खरवडलं, नाकाशी नेलं. आवाज न चढवता विचारलं, हे कोणी केलं?

माकड, पूर, बाळ, यातल्या कुणाला आधी पुढे करावं हे ठरवत मी दोनदा तोंड उघडलं. शेवटी मी म्हणाले, “आईने.”

मदतनीस बाईने गोऱ्या बाईला इंग्रजीत हळदीकुंकवाचं काहीतरी समजावलं. दोघी पासपोर्ट घेऊन आत गेल्या. मी काचेत माझाच चेहरा बघत उभी राहिले. दाराशी उभा असलेला शिपाई माझ्यासाठीच आहे याची मला पक्की खात्री झाली होती. बऱ्याच वेळाने बाई परतली, माझ्या कागदांवरून जन्मतारीख पडताळली, भारतात परत कधी येणार विचारलं आणि चारला या म्हणाली.

चारला पासपोर्ट हातात आला. त्या लाल पानापासून जमेल तितक्या लांब, शेवटाकडे, व्हिसा चिकटवला होता. मी तो बाबांना वाचायला दिला आणि नाव, तारीख त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतली.

बूथवरून शेजारच्या काकांकडे फोन लावला. त्यांनी आईला हाक मारली. ती धापा टाकत आली.

“आई, मिळाला.”

मग तिने विचारलं, “ते पान बघितलं त्यांनी?”

“बघितलं. वास घेऊन बघितलं.”

“आणि दिला तरी?”

मी हसून काहीतरी मोठं सांगणार होते. पण फ्रिजवर मोहरीएवढा ठिपका लावणारा तो हात माझ्या डोळ्यांपुढे आला, चुकून कधीच न सांडणारा, आणि दिल्लीच्या त्या उन्हाळ्यात मला थंडी वाजली. बिलाचे आकडे पुढे सरकत होते. “जेवलीस का?” तिने विचारलं. मी हो म्हटलं. तेही खोटंच होतं.