थांबा डॉक्टर

आमच्या आसेगावात गुरांच्या डॉक्टरांचं खरं नाव फार थोड्यांना माहीत होतं. सगळे त्यांना ‘थांबा डॉक्टर’ म्हणत. कुणाच्याही गोठ्यात पाऊल टाकलं की त्यांचा पहिला शब्द ‘थांबा’. मग माणसं गप्प, आणि डॉक्टर जनावराकडे पाठ करून जमिनीवर फतकल मारणार. मारकी म्हैससुद्धा थोड्या वेळानं त्यांचा खांदा हुंगायला यायची. तेव्हा कुठं त्यांचा हात हळूच मागं जायचा. हे पाहायला आम्ही कामं सोडून जमायचो.

माणसांच्या औषधाला मात्र ते शिवायचे नाहीत. एकदा शेजारच्या काकांनी गुडघ्यावर इंजेक्शन मागितलं. डॉक्टर म्हणाले, “मी ढोराचा डॉक्टर हाय काका. तुमी ढोर झाले की या.” काका आठवडाभर रुसले, पण दुखणं दाखवायला मंगरूळपीरला गेले.

आमच्या गावात गोळीला गुण आला की ती गल्लीभर फिरते. एकाची पित्ताची, दुसऱ्याची सर्दीची. ज्याला बरं वाटलं तोच वैद्य. आमच्या घरी आई गेल्यानंतर बाबांना घबराटीची गोळी सुरू झाली होती आणि सोबतीला काळी होती. आईनंच भाकरी टाकून पाळलेली कुत्री. बाबा तिच्याशीच बोलायचे, आमच्याशी नुसतं हूं हूं. काळी होती म्हणून ते सकाळी उठून दार उघडत होते, हे मला स्पष्ट दिसत होतं.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे गायगोधन असतं. शिंगं रंगवून, गळ्यात माळा घालून गुरं मिरवतात आणि फटाक्यांची लड लावतात. त्या सकाळी आवाज सुरू झाले आणि काळी बाजेखाली शिरून लटलट कापायला लागली. बाबांना ते बघवेना. त्यांनी आपली गोळी गुळाच्या खड्यात दाबून तिला चारली. “मले जे निवांत करते, ते तिले कायले करनार नाही?” असं त्यांचं सरळ गणित.

काळी निवांत झाली नाही. आधी झोकांड्या खाऊ लागली, मग घरभर फिरत केकाटायला लागली, भिंतीवर आदळली. मी गावाबाहेर गुरं जमतात त्या आखराकडे धावले. गुरं बिथरली तर हाताशी असावं म्हणून डॉक्टर तिथंच उभे होते. आम्ही घरी पोचलो तेव्हा शेजारीण मिठाचं पाणी घेऊन उभी होती, आणि बाबांच्या हातात गुळाचा दुसरा खडा. एका गोळीनं भागलं नाही, असं त्यांना वाटलं होतं.

“थांबा!”

इतक्या मोठ्यानं ते कधी बोलले नव्हते. “झोकांड्या खानाऱ्या जनावराले पानी पाजू नका, फुप्फुसात जाईन. अन् बाबा, तो गूळ खाली ठेवा. कोनती गोळी देल्ली?”

बाबांनी मान खाली घातली. डॉक्टर आवाज खाली आणून म्हणाले, “मी पोलीस नाही. तुमी सांगसान तरच काळी वाचंल.” बाबांनी खिशातून पाकीट काढलं.

त्यांनी नाव वाचलं, काळीला उचलून वजनाचा अंदाज घेतला, छातीला नळी लावली. मग सगळ्यांदेखत आपल्या कॉलेजातल्या सरांना फोन लावला. “सर, मले पक्कं सांगता येत नाही, म्हनून विचारून राह्यलो.” एवढ्या गर्दीत ‘मला येत नाही’ म्हणणारा डॉक्टर मी पहिल्यांदा पाहिला.

सलाईन लावून, खोलीत अंधार करून ते काळीजवळ खाली बसले. “अशी गोळी मीबी कधी कुत्र्याले लिहितो,” ते हळू आवाजात बाबांना सांगत होते. “पन वजन पाहून, लिवर पाहून, दुसरं औषध काय चालू हाय ते पाहून. एक कुत्रं झोपते, दुसरं उलटं बिथरते. आपल्या मनानं देनं म्हंजे डोळे मिटून विहिरीत उडी.”

मग एकदम त्यांनी विचारलं, “तुमची आजची गोळी?”

“तिले देल्ली ना,” बाबा म्हणाले. “कालचीबी तिच्यासाठीच ठेवली होती.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. “बाबाच्या डॉक्टरले आत्ता फोन लाव. ही गोळी अशी सोडू नये एवढं मले ठाऊक हाय. पुढचं माह्यं काम नाही.” इथं थांबावं लागतं, हे त्या माणसाला किती नेमकं कळत होतं!

दिवेलागणीला काळी सरळ चालत पाण्याच्या भांड्यापर्यंत गेली आणि बाबा लहान पोरासारखे रडले. जाताना डॉक्टर सांगून गेले, “पुढच्या साली सकाळपासूनच तिले आतल्या खोलीत ठेवा, कूलर लावा. आवाजानं आवाज दबते. त्यानंबी नाही भागलं तर आधी माह्याकडे या.” तेव्हापासून दर पाडव्याला आमच्याकडे थंडीत कूलर घरघरायचा आणि बाबा ब्लँकेट पांघरून काळीशेजारी बसायचे.

पुढं डॉक्टरांची बदली झाली. निरोप घ्यायला आले तेव्हा बाबा वयाचा विचार न करता त्यांच्या पायाशी वाकले. “थांबा!” म्हणत त्यांनी बाबांना वरच्यावर धरलं.

काळी मागच्या उन्हाळ्यात म्हातारी होऊन गेली. या पाडव्याला मी घरी आले तर आतल्या खोलीत कूलर चालूच. बाबांचं मन पुन्हा बिघडलं की काय, या धास्तीनं मी बटणाकडे हात नेला.

“थांब,” बाबा म्हणाले.

त्यांनी ब्लँकेटचं टोक उचललं. गल्लीतली दोन कुत्री त्यांच्या पायाशी निवांत झोपली होती.