तटाखालची चमक

दर रविवारी सकाळी मी आणि माझी मोठी जाऊ किला गेटपासून किल्ल्यावर चालत चढायचो. खालच्या दुकानातून पाण्याची एकेक बाटली घ्यायची आणि वर पोचून कचरापेटीत टाकायची, हे वर्षानुवर्षं चाललं होतं.

एकदा तटावरून खाली पाहिलं, तर उतारावरच्या झुडपांत उन्हात काहीतरी लखलखत होतं.

"वहिनी, इथे झरा आहे की काय?" मी जाऊबाईंना विचारलं.

जवळच रस्ता झाडणाऱ्या एक बाई हसल्या. "पानी नहीं है, बहनजी, बोतलें हैं. पेटी भर जाती है, तो हवा उड़ा ले जाती है."

मग त्यांनी पदर खोचला, पोतं खांद्यावर टाकलं आणि कड्यालगतच्या पायवाटेने त्या उतरू लागल्या. केस पूर्ण पिकलेले, पायात रबरी चपला. आम्ही दोघी तटावरून पाहत राहिलो. अर्ध्या तासाने त्या वर आल्या, तेव्हा पोतं त्यांच्याहून मोठं दिसत होतं. खालची चमक मात्र होती तेवढीच होती.

"आप रोज उतरती हैं?" मी विचारलं.

"जितना घुटने मानें, उतना."

परतताना वहिनी एवढंच म्हणाल्या, "मला तर त्या वाटेवर उभंही राहता आलं नसतं गं."

पुढच्या रविवारी वहिनी घरचं पाणी भरलेल्या स्टीलच्या दोन बाटल्या घेऊनच आल्या. तेव्हापासून आम्ही दुकानातली बाटली घेतलेली नाही. त्या बाई भेटल्या की वहिनी आपल्या बाटलीतलं पाणी आधी त्यांना देतात, मग स्वतः पितात.