खिडकीवरचं "होय"

प्रवेश समितीची सूत्रं मॅडमकडे गेली, त्या दिवशी मी चहाही घेतला नाही. आमच्या किनाऱ्यावरच्या कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीवर केस पिकवले मी, आणि प्रमुख झाल्या बांद्याकडच्या रसायनशास्त्राच्या बाई! त्यांच्याआधीचे सर शिस्तीचे. खिडकीवर घरची बोली चालणार नाही, हा त्यांचा नियम मला मनापासून पटलेला. घरी मालवणीत भांडणारा मी, खिडकीत बसलो की छापील मराठी बोलायचो.

मॅडमनी पहिल्याच आठवड्यात गैरहजरांची वही मागितली. नाव यादीत लागूनही मूळ कागद घेऊन परत न आलेल्या मुलांची ती वही. मुदत संपली की मी तांबड्या पेनाने नावं खोडायचो.

"भाऊ, ही मुलं जातात कुठे?"

"इच्छा नसेल. गोव्याला गेली असतील कामाला."

"कोणी विचारलं?"

कोणीच विचारलं नव्हतं. मला रागच आला. विचारणं हे काय कारकुनाचं काम?

तो शनिवार, मुदतीचा शेवटचा दिवस. वहीत रेडीच्या एका मुलीचं नाव होतं. मुलगी काजूच्या कारखान्यात कामाला, म्हणून तिची आई एकटीच झेरॉक्स घेऊन आली होती. मी तिला सांगितलं होतं, "मूळ दाखला शनिवारपर्यंत सादर केल्याविना प्रवेश निश्चित होणार नाही." ती "होय" म्हणाली. पुढच्या प्रत्येक वाक्यालाही "होय" म्हणाली आणि गेली.

मॅडमनी माझ्यासमोरच फोन लावला, स्पीकरवर. पलीकडून आईचा आनंदी आवाज आला, "होय गे बाय, चेडू सोमवारी येतला कॉलेजात. नवी बॅग सुदी घेतली!"

त्या घराच्या लेखी मुलीचा प्रवेश झाला होता, आणि माझ्या हातात तांबडं पेन होतं.

"काकी, काम अजून रवला हा," मॅडम म्हणाल्या. "झेरॉक्स चलणा नाय. अस्सल दाखलो आणि चेडवाक घेवन आज पाचच्या आत येवा. मी हंयच बसलंय."

आई हळूच म्हणाली, "त्या दिवशी माका काय्येक कळला नाय. परत इचारूक लाज वाटली."

मॅडम मला रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "भाऊ, तुमी घराकडे खंयच्या भाषेत भांडतास?" मला हसूही आलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं.

रेडीहून यायचं म्हणजे वेंगुर्ल्याला गाडी बदलायची. चार वाजले, साडेचार झाले. मॅडम जेवायला गेल्या नव्हत्या. मी दोनदा फाटकापर्यंत जाऊन आलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा एसटी वेळेवर यावी म्हणून देवाला नारळ बोललो. पाच वाजायला दहा मिनिटं असताना दोघी धावत आल्या. मुलीच्या खांद्यावर नवी बॅग होती आणि आईच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत दाखला.

त्या क्षणी मॅडमबद्दल माझ्या मनात कसलंही किल्मिष उरलं नाही. खुर्ची योग्य माणसाला मिळाली होती. मी असतो, तर ते नाव केव्हाच खोडलं असतं.

मॅडमनी दाखला माझ्याकडे सरकवला. "भाऊ, तुमीच करा."

मी प्रवेश पक्का करून पावती दिली. मग आईला वसतिगृहाच्या अर्जाचं सांगितलं, माझ्या बोलीत, त्या खिडकीवर पहिल्यांदाच. सांगून झाल्यावर विचारलं, "काकी, कळला मा?"

तिने लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नाय कळला," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत त्या खिडकीवर हे उत्तर मला कोणी दिलं नव्हतं. मी खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्यापासून सांगू लागलो.