दत्तूअण्णा, तीन फटफट्या आणि एक हिरवं लुगडं

दत्तूअण्णा गेल्याची बातमी त्याचा दोस्त बसाप्पानं निपाणीला आणली. मी तवा आमच्या दुसऱ्या दोस्ताच्या, गणपाच्या, तंबाखूच्या वखारीत बसलोतो. बसणं म्हणजे काय, मुनीमजींची नक्कल करत होतो आणि तंबाखू झोडणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. बाहेर फटफटी थांबली. बसाप्पा आत आला, टोपी काढली आणि म्हणाला, "अण्णा गेला रं." मी आणि गणपा एकदमच ओरडलो, "कुठल्या वळणावर?" बसाप्पानं मान हलवली. "वळणावर न्हाय. खाटंवर. दुपारी जेवला, विडा खाल्ला, आडवा झाला... उठलाच न्हाय." गणपा मागच्या तंबाखूच्या बोदावर मटकन बसला आणि त्याच्या तोंडनं निघालं, "सुटलो बाबा!" मग त्याची त्यालाच लाज वाटली. आम्ही तिघं एकमेकांकडं बघत ऱ्हायलो, आधी हसायला आलं आणि मग रडायला. दोन्ही खरं होतं.

आता तुम्ही म्हणाल, माणूस मेला आणि ह्यांस्नी सुटल्यासारखं कसं वाटलं? त्याला अण्णा बघायला पायजे होता. बेळगावच्या शहापुरात आमच्याच गल्लीत त्याचं घर, घरात लुगडी विणायचे दोन माग, आणि ओसरीवर बांधलेल्या म्हशीशेजारी फटफटी. कॅम्पातला एक गोरा साहेब विलायतेला परत जाताना ती अण्णाच्या गळ्यात मारून गेलता. म्हशीनं पहिल्या आठवड्यात दूध चोरलं म्हणतात. अण्णा धोतराचा काचा मारून, काळी टोपी उडू न्हाय म्हणून उपरण्यानं हनुवटीखाली बांधून त्या यंत्रावर बसला की दात दुखणाऱ्या वरासारखा दिसायचा. पहिल्या लाथेला ती कधी लागली न्हाय. दुसऱ्या लाथेला खोकायची, तिसरीला फट्... फट्... आणि लगेच सैपाकघरातनं आक्काचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, आवाज: "बंद करा ते! पेट्रोल काय नळाला येतंय?" लढाईचे दिवस, पेट्रोल चिठ्ठीवर मिळायचं, पण आक्काला पेट्रोलची काळजी नव्हती. हा माणूस एक दिवस कुठंतरी आपटून फळीवर आडवा घरी येणार, एवढीच तिची काळजी. सगळ्या गल्लीचीच ती काळजी होती. गाडी एवढी जोरात हाणायचा की येळ्ळूरच्या वाटंवर कोंबड्या त्याला आवाजावरनं ओळखायच्या.

मी गल्लीतला नकल्या. शाळेत हेडमास्तरांच्या आवाजात एका वर्गाला सुट्टी दिलती, तवापासनं सगळे नकल्याच म्हणतात. अण्णाला माझ्या नकला लई आवडायच्या. मागावर बसल्या बसल्या म्हणायचा, "नकल्या, आमचा व्याही करून दाखव." मग मी घसा खाकरायचो, मिशीवरनं हात फिरवायचो आणि रामाप्पांच्या जड आवाजात म्हणायचो, "त्या यंत्रावर... आमच्या दारात... यायचं न्हाय." अण्णा हसता हसता धोटा खाली पाडायचा. पण हसून झालं की गप व्हायचा. कारण ते वाक्य खरं होतं.

झालं असं होतं. अण्णाची एकुलती एक लेक शांता रायबागच्या पलीकडल्या माळावरच्या गावात दिली. लग्नात वरात निघाली, नवरदेव घोड्यावर, आणि आनंदाच्या भरात अण्णानं वाजंत्र्यांच्या शेजारीच फटफटी चालू केली. घोडं नवरदेवाला घेऊन जे उधळलं ते थेट जोंधळ्यात. मुंडावळ्या एका बांधाला, फेटा दुसऱ्या बांधाला. नवरदेव हसत बाहेर आला बिचारा, पण त्याच्या बापाला, रामाप्पांना, ते लई लागलं. चार गावच्या पावण्यांसमोर पोराची शोभा झाली. तवापासनं दोन घरांत बोलणं न्हाय, येणं-जाणं न्हाय. शांता मधल्या मधी. माहेरचं नाव काढलं की सासऱ्याचं तोंड वळायचं आणि सासरचं काढलं की बापाचं.

मग एका श्रावणात सांजच्याला रामाप्पांचा गडी निरोप घेऊन आला. शांताचं डोहाळजेवण उद्या दुपारी हाय. निरोप दोन दिवस आधी निघालता, पण गडी वाटंत बहिणीकडं पाहुणचार खात बसला. निरोपाच्या शेपटीला शांताचं बापासाठी बोलणं होतं: "आप्पा, हिरवं लुगडं तू स्वतःच्या हातानं आण. न्हाय आणलंस तर मी सासरचंच नेसंन, आणि मग माहेर हाय कुणाला म्हणून सांगू?" लुगडं तर तयार होतं. अण्णानं ते स्वतःच्या मागावर विणलंतं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला न्हवता. पण दुपारपर्यंत तिथं पोचवणारी ना मोटार ना गाडी. ऱ्हायली ती एकच, जिला त्या दारात बंदी. आक्का कधी न्हाय ते स्वतःहून म्हणाली, "न्या ती फटफटी. पण एकटं जायाचं न्हाय." आणि माझ्याकडं बघितलं. "आणि गावच्या येशीच्या भाईर थांबवा. गावात चालत जा."

म्हणून पहाटे तीन फटफट्या निघाल्या. अण्णाच्या मागं मी, लुगडं माझ्या पोटाशी बांधलेलं. मच्छे गावचा बसाप्पा त्याच्या गाडीवर. आणि रातोरात निरोप धाडला तसा निपाणीहून येऊन संकेश्वराला मिळालेला गणपा, त्याची गाडी सगळ्यांत दांडगी. बेळगावात पाऊस बारीक चाळणीनं चाळल्यासारखा, पण चिकोडी मागं पडली तसं आभाळ उघडं पडलं आणि सुरू झाला वारा. असला वारा मी जन्मात बघितला न्हवता. चारी बाजूंनी नुसता माळ, झाड न्हाय, घर न्हाय, आडोसा म्हणून एक मेंढरू न्हाय. गाडी सरळ न्यायची तर वाऱ्याकडं कलून बसावं लागायचं, तिन्ही गाड्या एकामागं एक तिरक्या, दारू प्यायल्यासारख्या. अण्णा ओरडून गाणं म्हणत होता आणि वारा ते गाणं त्याच्या तोंडातनं काढून मागं बसाप्पाला देत होता. "माझं गाणं पोचलं का रं?" "पोचलं! परत पाठवू काय?" एवढा खूश अण्णा मी कधी बघितला न्हवता. मधेच एका खड्ड्यात गाडी उडाली, मागची पान्हे-अवजारांची पिशवी कुठं पडली ते कुणाला कळलंच न्हाय. कळलं ते पुढं, माळाच्या मधोमध अण्णाची गाडी फट्... फ... करून गप झाली तवा.

लाथा मारून झाल्या, शिव्या देऊन झाल्या, बसाप्पानं देवाचं नावही घेऊन बघितलं. गणपा म्हणाला, "अण्णा, तू माझ्या मागं बस, ही इथंच सोड." अण्णा म्हणाला, "म्हशीला कुणी माळावर सोडतं काय?" मग ओढत न्यायची ठरली. दोर कुणाकडंच न्हाय. वाऱ्याच्या विरुद्ध ढकलायला गेलो तर गाडी दोन हात पुढं आणि आम्ही एक हात मागं. ऊन वर चढत चाललेलं. अण्णा माझ्याकडं बघायला लागला. माझ्याकडं न्हवं, माझ्या पोटाकडं.

"अण्णा, ते डोहाळ्याचं लुगडं हाय!" मी म्हणालो.

"मला म्हाईत न्हाय व्हय? मीच विणलंय. म्हणूनच म्हणतोय, तुटायचं न्हाय ते."

नऊवारी लुगडं उलगडलं तसं वाऱ्यानं ते उचललं, आणि त्या सुक्या माळावर एवढं हिरवं काहीतरी एकदम फडफडलं की आम्ही चौघं बघतच ऱ्हायलो. अण्णानं पीळ घालून एक टोक गणपाच्या कॅरिअरला बांधलं, दुसरं आपल्या गाडीच्या मानेला. आणि गाठ मारली ती विणकराची. मागावर धागा तुटला की विणकर डोळे मिटून जी गाठ मारतो ती. हात दुसरी शिकलेलाच न्हवता. वाटंत एक सर येऊन गेली, लुगडं भिजलं, पण तुटलं न्हाय. गावाची येस दिसली तसं अण्णानं हात वर केला. गाड्या बंद. आता गाठ सोडायची, लुगडं झटकायचं, घडी घालायची आणि चालत गावात जायचं.

गाठ सुटंना. विणकराची गाठ सुटण्यासाठी नसतीच मुळी, जेवढी ओढ बसंल तेवढी ती आवळत जाते, आणि ही तर पाच कोस ओढलेली आणि वर भिजलेली. नखं झाली, दात झाले. गणपा म्हणाला कॅरिअरच काढू, तर पान्हे माळावर. बसाप्पानं कनवटीचा चाकू काढला तसा अण्णानं त्याचा हात धरला. "डोहाळ्याच्या लुगड्याला पातं लावतोस?" आणि तो येशीच्या दगडावर बसला. एवढा दांडगा माणूस, पण टोपी काढून मांडीवर ठेवली. "कसं न्हेऊ रं आता? लुगडं न्हेलं तर यंत्र दारात येतंय. यंत्र ठेवलं तर लुगडं ऱ्हातंय." मी त्याला रामाप्पांची नक्कल करून दाखवावी असं एकदा मनात आलं. केली न्हाय.

शेवटी जे हातात होतं तेच केलं. बसाप्पाची गाडी येशीतच ठेवली आणि बाकीच्या दोन्ही गाड्या बंद ठेवून, लुगड्यासकट, गावातनं ढकलत न्हेल्या. पुढं गणपा आणि बसाप्पा, मागं अण्णा आणि मी, मधे नऊवारी हिरवं लुगडं झोपाळ्यासारखं लोंबतंय. गावची पोरं मागं लागली, बाया उंबऱ्यात आल्या. रामाप्पांच्या अंगणात मांडव, पाट मांडलेला, शांता खांबाला टेकून वाटंकडं डोळे लावलेली. रामाप्पा दारात आले. घसा खाकरला, मिशीवरनं हात फिरवला. हुबेहूब मी करतो तसं, मला हसू दाबवंना. गोठ्यातनं तेच वरातीचं घोडं मान काढून बघत होतं.

अण्णा हात जोडून म्हणाला, "पावणं, यंत्र आणलं न्हाय. लुगडं आणलंय. यंत्र त्याला चिकटून आलंय."

मग शांताच पुढं आली, सातव्या महिन्याचं पोट सावरत, आणि पाट गाडीजवळ ओढून त्यावर बसली. तिनं गाठ बघितली आणि फस्सकन हसली. "आप्पा, ही कुठली गाठ मारलीस? कुणाला सुटंल काय ही?" लहानपणी गुंतलेलं सूत सोडवायचं काम तिचंच होतं. अंबाड्यातला आकडा काढला, गाठीच्या पोटात घातला, इकडं थोडं, तिकडं थोडं... आणि सुटली. दुसरीही सुटली. तशी रामाप्पांची म्हातारी आई मांडवातनं ओरडली, "आगं, त्या लुगड्यानं लोखंड ओढलंय! नेस ते तसंच! पोर कसं निघंल बघ!" रामाप्पांनी परत खाकरलं. "आवाज न्हाय केला तुम्ही," ते अण्णाला म्हणाले. "न्हाय केला." "ढकलत आणलं?" "येशीपासनं." "मग हातपाय धुवा की. जेवाण निवतंय." बस, एवढंच. अण्णानं असा श्वास सोडला की माळावरचा वारा त्यापुढं काहीच न्हाय.

पोरगं झालं. दांडगं, आईही सुखरूप. बाळंतपणाला शांता माहेरी आली आणि त्याच लुगड्याची झोळी अण्णाच्या घरात आढ्याला बांधली, गाठीच्या ठिकाणच्या चुण्या अजून तिच्यात तशाच हायत. पोरगं झोपायचं ते मात्र एकाच आवाजाला. अण्णा दुपारी ओसरीवर फटफटी चालू करून उभी ठेवायचा, आतनं आक्का ओरडायची, आणि पोरगं गाढ झोपायचं. पुढंही शांता माहेरपणाला आली की हेच चालायचं.

अण्णाला जाऊन आता दोन महिने झाले. परवा शांता आलीया, पोरगं मोठं झालंय, तरी झोळीतच झोपायचं म्हणतंय. दुपारी रडून रडून घर डोक्यावर घेतलं. फटफटी म्हशीशेजारी गप उभी. मी झोळीजवळ गेलो, तोंडावर हात धरला आणि हवेतच फटफटीची लाथ मारली. पहिली लागली न्हाय. दुसरीला खोकलो. तिसरीला फट्... फट्... फट्... पोरगं अंगठा तोंडात घालून गप झालं.

आणि सैपाकघरातनं आवाज आला, "बंद करा ते! पेट्रोल काय नळाला येतंय?"

मी थांबलो. शांतानं माझ्याकडं बघितलं. आत पाटा-वरवंटा चालू होता तोही थांबला. मग झोळी कुरकुरली, पोरगं परत रडायच्या बेतात.

"नकल्या," आक्का आतनं म्हणाली.

"काय आक्का?"

"थांबलास कशाला? चालू ठिव."

मी तोंडावर हात धरला आणि पहिली लाथ मारली. लागली न्हाय.