सरदारकी आणि मत

जर्मनीत एर्लांगेनजवळच्या आमच्या फेराइनमध्ये, म्हणजे मंडळात, आम्ही उन्हाळ्यात कुरणावर तंबू ठोकून मध्ययुगातल्यासारखे राहतो. मी तिथे चुलीवर स्वयंपाक करते. सभेत मत मात्र फक्त सरदारकी मिळालेल्यांनाच असायचं, आणि सरदारकी द्यायचे ते आमचे ‘ग्राफ’, म्हणजे उमराव, मंडळ स्थापन करणारे एक निवृत्त शिक्षक.

मागच्या वर्षी ठराव आला, की पदव्या तंबूपुरत्या ठेवाव्यात आणि मत सगळ्यांना द्यावं. ग्राफ माझ्याकडे बघून हसत म्हणाले, “तुम्हाला मत हवंय ना? आत्ताच सरदारीण करतो. नियम कशाला बदलायचा?”

त्यांना ते खरंच इतकं सोपं वाटत होतं. मला मात्र आजोबा आठवले. गावच्या बैठकीत त्यांना जातीमुळे दाराबाहेर उभं राहावं लागायचं. मी म्हणाले, “तंबूत मी आनंदाने दासी होते, कारण तो झगा संध्याकाळी काढून ठेवता येतो. पण ही सभा आपण रोजच्या कपड्यांत घेतो. इथे मला कोणी मत बहाल करायला नको.”

मग सरदारांनीच हात वर केले आणि ठराव जेमतेम पास झाला. ग्राफ विरोधात राहिले. आता ते माझ्याशी बोलणार नाहीत, असं मला वाटलं.

या वर्षी सभेआधी त्यांचा फोन आला. नवा मोठा तंबू घ्यावा का, असं विचारत होते. मी नको म्हटलं. ते चिडले, आम्ही बराच वेळ वाद घातला. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, त्यांनी पहिल्यांदाच माझं मत विचारलं होतं.