‘अज्ञात’च्या शेजारची खुर्ची

डॉक्टरेटच्या नादात मी एका माणसाला छापील पानावर ‘अज्ञात’ करून टाकलं, आणि त्याचा फोटो मिळाला तेव्हा त्याचा सख्खा मुलगा माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला होता. आता मी आजी झाले, पुढचे दोन दातही पडले. पण हे आठवलं की अजून पदरात तोंड लपवावंसं वाटतं.

तो मुलगा म्हणजे शहाद्याजवळच्या आमच्या कॉलेजातले, ग्रंथालयाचे शिपाई मामा. पुस्तक रॅकवर ठेवण्याआधी लेखकाचं नाव ते ओठातल्या ओठात वाचायचे. एकदा मुखपृष्ठ फाटलेलं एक पुस्तक त्यांनी आठवडाभर टेबलावरच ठेवलं. मी घाई केली तर म्हणाले, “नाव कळल्याशिवाय जागा कुठली देऊ, बाई?” मला हसू आलं. तेव्हा मला सगळ्यांचंच हसू यायचं, स्वतःचं सोडून.

माझा विषय सातपुड्यातली होळी. कॉलेजने कुठल्याशा डिजिटल छायाचित्रसंग्रहाचं सदस्यत्व घेतलं होतं. मी ‘होळी’ टाइप करायची आणि गुलालाने माखलेली शहरातली पोरं पडद्यावर यायची. दोन दिवस नुसता गुलाल पाहिला. तिसऱ्या दिवशी मागून मामा हळूच म्हणाले, गावाचं नाव टाका, काठी. टाकलं, तर मोरपिसांचे टोप, कमरेला बांधलेले भोपळे, अंगावर राखेचे ठिपके, पानंच्या पानं.

मामांनी चपला काढल्या आणि खुर्ची ओढली. एका फोटोवर त्यांनी मला थांबवलं. ठिपके काढलेला एक म्हातारा, कॅमेऱ्याकडे न बघता उभा. “हा घ्या, बाई. हा चांगला आहे.” पुढे दोनदा त्यांनी तोच परत लावायला सांगितला. मी विदुषी! मला वाटलं, माणसाला मोरपिसं आवडली. तुमची हौस पुरे, चहा सांगून या, म्हटलं. ते गेले. संग्रहात नाव नव्हतं, म्हणून फोटो घेऊन खाली मी ऐटीत लिहिलं, ‘अज्ञात आदिवासी नर्तक’. होळीचं व्रत पाळून नाचणारा माणूस, आणि मी त्याला नर्तक केला.

प्रबंधाचं पुस्तक झालं तेव्हा मामांनी दोन प्रती मागितल्या. मी फुशारून विचारलं, दुसरी कुणाला? तर म्हणाले, आईला. वडिलांचा घरात एकही फोटो नाही. डोंगरात येऊन ज्यांनी काढले, ते घेऊन गेले. त्यांनी पान उघडलं आणि म्हाताऱ्याच्या खांद्यावर बोट ठेवलं.

वडिलांचं नाव खेमा. मामांचं स्वतःचं नावही मी त्याच दिवशी पहिल्यांदा विचारलं, इतक्या वर्षांनी. सगळ्या प्रतींवर नावाची चिठ्ठी चिकटवते, असं काहीतरी मी पुटपुटले.

मामांनी दोन्ही प्रती पिशवीत नीट ठेवल्या आणि म्हणाले, “चिकटवा. आईच्या प्रतीला घाई नाही, बाई. तिला वाचता येत नाही, ते बरं झालं.”