आईसाहेब पोहायला गेल्या

कोल्हापूरकडच्या आमच्या सासरी सुना सासूसमोर खुर्चीवर बसत नसत, मोठ्याने हसत नसत. सरदार घराणं, डोक्यावरचा पदर ढळता कामा नये. हे सगळं मला सासूबाईंनी, म्हणजे आईसाहेबांनीच शिकवलं. सुनेलाही त्या अहो-जाहोच करत.

सासरे गेल्यावर आईसाहेब प्रथमच जर्मनीत, ब्राउनश्वाइगला आमच्याकडे आल्या. मी जीन्स बॅगेत कोंबल्या आणि फ्लॅटमध्ये पदर घेऊन वावरू लागले. नवरा हसायचा, "अगं, इथे कोण बघतंय?"

"आईसाहेब बघतायत."

मग कोलोनहून माझे धाकटे दीर आणि त्यांची जर्मन बायको राहायला आले. जावेचं मराठी दिरांकडून उचललेलं, मोडकंतोडकं. तिच्याजवळ सगळ्यांसाठी एकच शब्द, 'तू'. नाश्ता झाल्यावर ती म्हणाली, "आई, तू चल. आपण तलाव जाऊ."

मी आईसाहेबांकडे पाहिलं. आता काय ऐकावं लागणार बिचारीला!

"थांब गं," आईसाहेब म्हणाल्या, "चप्पल घालते."

थांब गं! लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मला कधी हे मिळालं नव्हतं.

तलावावर आईसाहेब जावेची लेगिंग आणि टीशर्ट घालून सरळ पाण्यात शिरल्या. माहेरी विहिरीत पोहायच्या म्हणे, लग्नानंतर सुटलं. दोघी पाणी उडवत खिदळत होत्या. मी काठावर साडी सावरत टॉवेल राखत बसले. हेवा जावेचा वाटत होता की आईसाहेबांचा, तेही कळेना.

संध्याकाळी त्यांचे केस विंचरताना न राहवून म्हटलं, "मला कधी असं हसू दिलं नाहीत तुम्ही."

"मला तरी कुणी दिलं?"

"मग तिला कसं चालतं?"

"तिला मी काही शिकवलंच नाही. तुम्ही मात्र सगळं शिकलात. इतकं चांगलं शिकलात, की तुमच्यासमोर मलाही पाय पसरून बसवत नाही."

दुसऱ्या दिवशी जावेने मलाही बोलावलं. स्वयंपाक आहे, असं सांगून मी टाळलं. आईसाहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आग्रह केला नाही. खिडकीतून दिसत होतं, दोघी हातात हात घालून ट्रामच्या थांब्याकडे चालल्या होत्या. आईसाहेबांचं डोकं उघडं होतं. मी कांदा चिरायला घेतला.